गाडी, लाकूड आणि कॉम्प्युटर: घरच्या घरी खटपट करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझी १९९८ सालची मारुती ८०० बॉनेट वर करून उभी असते. जाता-येता लोक थांबतात, वाकून बघतात आणि काहीतरी विचारतात. नातेवाईक फोनवर विचारतात, ऑफिसातले डबा खाताना. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

मी मेकॅनिक नाही, सुतार नाही आणि कॉम्प्युटर इंजिनिअरही नाही. पोटासाठी हिशेब लिहितो. खाली जे आहे ते स्वतः केलेलं आहे, किंवा स्वतः बिघडवून मग शिकलेलं आहे. एकच गोष्ट दोनदा लिहायला नको म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मला काहीच येत नाही. सुरुवात कशापासून करू?

ज्या कामातून परत फिरता येतं त्या कामापासून. माझी ही एकच कसोटी आहे आणि ती तिन्ही छंदांना लागू पडते. गाडीचा एअर फिल्टर काढून साफ केला, जमलं नाही, तर होता तसा परत बसवता येतो. कॉम्प्युटरमध्ये पेन ड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) चालवून बघितलं, आवडलं नाही, तर पेन ड्राइव्ह काढायचा. लाकूड मात्र निर्दयी. करवत एकदा फिरली की फळी पुन्हा लांब होत नाही. म्हणून सुताराची पोरं आधी मापं घ्यायला शिकतात.

पहिल्या महिन्यासाठी: गाडीत एअर फिल्टर आणि वायपरचे रबर, घरात एक साधा पाट किंवा चपलांचा स्टँड, कॉम्प्युटरमध्ये डब्याच्या आतली धूळ साफ करणं. ही तिन्ही करून कंटाळा आला, तर हा छंद तुमचा नाही, आणि फार पैसेही गेलेले नाहीत.

२. हत्यारं कोणती घ्यावीत? एकशे आठ नगांची पेटी स्वस्त मिळतेय.

पेटी घेऊ नका. त्यातले नव्वद नग तुम्ही कधी वापरणार नाही, आणि जे दहा वापराल त्यांचे जबडे सहा महिन्यांत पसरतील. जबडा पसरलेला पाना बोल्टचं डोकं गोल करतो, आणि मग प्रश्न ८ वाचायची वेळ येते.

जुन्या मारुतीचं बरंचसं काम १०, १२, १४ आणि १७ नंबरच्या पान्यांवर होतं. तेवढेच रिंग पाने आणि गोट्या (सॉकेट) चांगल्या कंपनीच्या घ्या. फिक्स पाना शेवटचा पर्याय ठेवा, कारण तो बोल्टला दोनच बाजूंनी धरतो. शिवाय एक मल्टिमीटर घ्या, साधा डिजिटल. गाडी आणि कॉम्प्युटर दोन्हीकडे चालणारं हे एकमेव हत्यार, आणि लोक नेमकं तेच सगळ्यात शेवटी घेतात.

लाकडासाठी गुण्या, स्टीलची पट्टी, बारीक दातांची करवत, दोन पटाश्या, लहान रंधा आणि चार क्लॅम्प. धार लावायचा दगड यादीत नाही म्हणून विसरू नका. नवी पटाशी दुकानातून येते ती बोथटच असते. कॉम्प्युटरला एक बारीक फिलिप्स स्क्रूड्रायव्हर आणि जुना रंगाचा ब्रश पुरतो.

३. हे सगळं मिळतं कुठे?

पुण्यात असाल तर हत्यारं आणि हार्डवेअर बोहरी आळीत, गाड्यांचे सुटे भाग नाना पेठेत, लाकूड भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये, इलेक्ट्रॉनिक्सचं किरकोळ सामान तपकीर गल्लीत. मुंबईकरांना कॉम्प्युटरसाठी लॅमिंग्टन रोड आणि हत्यारांसाठी नागदेवी स्ट्रीट माहीतच असतात.

पुण्यातला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे जुने रंधे आणि पटाश्या बघा. त्यांचं पोलाद पुष्कळदा आजच्या स्वस्त मालापेक्षा चांगलं असतं. गंज वरवरचा असेल तर निघतो. खड्डे पडले असतील तर पुढे चला. विजेवर चालणारं काहीही तिथून घेऊ नका. सुट्या भागांना नाना पेठेत जाताना जुना भाग पिशवीत घालून न्या. ‘८०० चं द्या’ म्हटलं की दुकानदार विचारतो, कार्ब्युरेटरवाली की एमपीएफआय? पहिलीत पेट्रोल आणि हवा कार्ब्युरेटर नावाच्या भांड्यात मिसळते, दुसरीत कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारलं जातं. दोघींचे बरेच भाग वेगळे आहेत.

४. फ्लॅटमध्ये राहतो. जागा कुठे आहे?

माझी सुतारकी चार फूट बाय सात फुटांच्या बाल्कनीत चालते. दोन घडीचे घोडे आणि त्यावर १८ मिलिमीटर प्लायचा तुकडा, म्हणजे टेबल. काम झालं की सगळं भिंतीला लागतं. लांब कापाकापी दुकानातच करून आणतो; प्लायवाल्याकडे मोठं मशीन असतं आणि त्याचा काप सरळ येतो.

शेजाऱ्यांचं म्हणाल तर दुपारी दोन ते चार ड्रिल लावू नका. बाकी सांभाळून घेतात, विशेषतः तुम्ही त्यांच्या एखाद्या कपाटाची बिजागरी बसवून दिली असेल तर. पार्किंगमध्ये गाडीखाली पुठ्ठा अंथरा. ऑइलचा डाग आणि वार्षिक सर्वसाधारण सभा यांचं नातं मी अनुभवलं आहे.

५. गाडीची कोणती कामं घरी करावीत आणि कोणती नाहीत?

घरी: ऑइल आणि फिल्टर (प्रश्न ६), स्पार्क प्लग (प्रश्न ८), बॅटरी (प्रश्न ७), बल्ब, फ्यूज, कूलंटची पातळी.

गॅरेजमध्ये: ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शनच्या स्प्रिंगा, एसीचा गॅस, सीएनजीला हात लागेल असं काहीही. ज्या गाड्यांत एअरबॅग आहे तिथे पिवळ्या आवरणाच्या वायरी आणि पिवळे कनेक्टर दिसले की हात मागे घ्या. ते एअरबॅगचे असतात.

ब्रेकबद्दल लोक वाद घालतात, ‘पॅड बदलणं तर सोपं आहे.’ सोपं आहे, खरंच. पण बाकीच्या कामात चूक झाली तर गाडी सुरू होत नाही. ब्रेकमध्ये चूक झाली तर गाडी थांबत नाही. ब्रेक ऑइलची पातळी मात्र स्वतः बघत जा. ते हवेतली ओल शोषतं, म्हणून पातळी ठीक असली तरी साधारण दोन वर्षांनी बदलून घ्यायचं. आणि पत्र्यावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उचलतं.

६. इंजिन ऑइल घरी बदलायचं म्हणजे नक्की काय करायचं?

आधी गाडीखाली जाण्याबद्दल. गाडीबरोबर मिळालेला जॅक फक्त चाक बदलण्यासाठी आहे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकंसुद्धा घालायचं नाही. दोन लोखंडी घोड्या (जॅक स्टँड) लागतात, सपाट टणक जमीन लागते, मागच्या चाकांना ओट लागते. विटा किंवा सिमेंटचे पोकळ ब्लॉक चालत नाहीत. ते तडा न दाखवता एकदम फुटतात. घोड्या नसतील तर हे काम गॅरेजमधल्या खड्ड्यावरच होऊ दे.

इंजिन पाचेक मिनिटं चालवून कोमट करा, तापवू नका. वरचं ऑइल भरायचं झाकण उघडा, खालचा बोल्ट सोडा, तसराळं आधीच ठेवलेलं असू दे. ऑइल थेंबावर येईपर्यंत थांबा. एक चहा होतो. बोल्टचा वायसर नवा टाका.

फिल्टर काढल्यावर त्याची जुनी रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिलेली नाही ना, हे बोटाने चाचपून बघा. एका रिंगवर दुसरी बसली तर पहिल्याच फेरीत सगळं ऑइल रस्त्यावर येतं. नव्या फिल्टरच्या रिंगला ऑइलचं बोट फिरवा आणि फिल्टर हातानेच घट्ट करा, पान्याने नाही.

मारुती ८०० ला तीन लिटरचा डबा पुरून थोडं उरतं. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकात बघा. सगळं एकदम ओतू नका. थोडं कमी भरून मिनिटभर इंजिन चालवा, बंद करून पाच मिनिटं थांबा, मग पट्टी बघून वरखाली करा. जास्त भरणं हे कमी भरण्याइतकंच वाईट.

काढलेलं काळं ऑइल गटारात, झाडाच्या आळ्यात किंवा ‘वाळवीवर औषध’ म्हणून भिंतीला नको. कायद्याने तो घातक कचरा आहे. डब्यात भरून गॅरेजला द्या. त्यांच्याकडून ते गोळा करून नेतात.

७. गाडी सकाळी सुरू होत नाही. बॅटरी गेली की अल्टरनेटर?

अल्टरनेटर म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी भरणारं यंत्र. मल्टिमीटर असेल तर दोन मिनिटांचं उत्तर आहे. गाडी रात्रभर बंद असताना बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजा. १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. आता धक्का मारून किंवा केबल लावून गाडी सुरू करा आणि पुन्हा मोजा. १३.८ ते १४.४ दरम्यान आलं तर अल्टरनेटर काम करतोय, संशय बॅटरीवर. इंजिन चालू असूनही १२ च्या घरातच राहिलं तर नवी बॅटरी घेऊन उपयोग नाही, तीही चार दिवसांत उतरेल. माझ्या एका साडूंनी अशा दोन बॅटऱ्या घेतल्या, आणि शेवटी दोष निघाला अल्टरनेटर फिरवणाऱ्या सैल झालेल्या पट्ट्याचा.

त्याआधी टोकांवरचा पांढरा-हिरवा थर बघा. गरम पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशने धुवा. बॅटरी काढताना आधी ऋण बाजू सोडायची, बसवताना ती शेवटी. उलट केलं आणि पाना पत्र्याला टेकला की ठिणगी उडते. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेव्हा ठिणगी तिथे नकोच.

८. बोल्ट निघतच नाही. जोर लावू का?

थांबा. जोर लावून झाल्यावर लोक माझ्याकडे येतात, तेव्हा बोल्टचं डोकं चकलीसारखं झालेलं असतं.

गंज सोडवणारं तेल मारा आणि रात्रभर सोडा. रात्रभर म्हणजे रात्रभर, दहा मिनिटं नव्हे. सकाळी सहा कोनांची गोटी लावा, बारा कोनांची नाही. आधी बोल्ट किंचित आवळायचा प्रयत्न करा; ‘कट्’ असा आवाज आला की गंज सुटला, मग उलट फिरवा. थोडं सैल, थोडं परत घट्ट, असं पुढे जायचं. सरळ ओढत राहिलात तर बोल्ट तुटतो आणि अर्धा आत राहतो. डोकं आधीच गोल झालं असेल तर वेल्डरकडे जा. तो त्यावर नट वेल्ड करतो, आणि त्या उष्णतेनेच बोल्ट निम्मा सुटलेला असतो.

बसवतानाची चूक याहून महाग. स्पार्क प्लग अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये बसतो. प्लग तिरका धरून पान्याने फिरवला की हेडचे आटे जातात. माझे गेले होते, तीनपैकी मधल्या प्लगचे. हेड उतरवून आटे नवे करून घ्यायला लागले, आणि बायकोने तो खर्च अजून विसरलेला नाही. तेव्हापासून पेट्रोलच्या जुन्या रबरी पाइपचा वीतभर तुकडा प्लगच्या वरच्या टोकाला खोचतो आणि त्यानेच फिरवतो. आटे नीट बसत नसतील तर रबर हातातच घसरतं, जोर लागतच नाही. पूर्ण बसल्यावरच पाना. आणि प्लग एकेक करूनच काढा, म्हणजे वायरींची अदलाबदल होत नाही.

९. ई२० पेट्रोलने जुनी गाडी खराब होईल का?

गेल्या दोन वर्षांत सगळ्यात जास्त आलेला प्रश्न. ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, म्हणजे मिश्रणात सहा-सात टक्के कमी. मायलेज थोडं पडणार हे गणितच आहे, त्यात मेकॅनिकचा दोष नाही.

जुन्या गाडीत खरी काळजी रबराची. काही जुन्या प्रकारचं रबर इथेनॉलने फुगतं, मऊ पडतं किंवा तडकतं. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे पाइप वाकवून बघा. भेगा दिसल्या, चिकट लागले किंवा पेट्रोलचा वास आला तर सगळे एकदम बदला आणि इथेनॉल चालणारेच मागा. हे काम पुढे ढकलू नका, गरम इंजिनशेजारी पेट्रोल गळणं ही थट्टा नाही. दुसरं म्हणजे इथेनॉल पाणी धरून ठेवतं. पाणी फार झालं की ते इथेनॉलसकट टाकीच्या तळाशी वेगळं होतं. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर अर्धी रिकामी टाकी ठेवू नका.

१०. ‘चेक इंजिन’चा दिवा लागलाय. ते छोटं ब्लूटूथ यंत्र घेऊन स्वतः बघता येईल?

बघता येईल. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचा सॉकेट असतो, त्यात ईएलएम३२७ प्रकारचं यंत्र बसतं आणि मोबाइलवर कोड दिसतो. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत हा सॉकेटच नसतो, तिथे कान हेच यंत्र.

पण कोड म्हणजे निदान नव्हे. पी०१७१ आला तर एवढंच कळतं की मिश्रणात पेट्रोल कमी किंवा हवा जास्त आहे. कारण फाटलेला व्हॅक्यूम पाइप असू शकतं, बुजलेला पेट्रोल फिल्टर असू शकतं, सेन्सरही असू शकतो. लोक कोड बघून थेट सेन्सर मागवतात आणि दिवा तसाच राहतो. आधी फुकटातल्या गोष्टी तपासा: पाइप, कनेक्टर, झाकणं. कोड पुसणं ही दुरुस्ती नाही, पण लिहून ठेवून एकदा पुसा आणि परत येतो का बघा.

वाचणं आणि लिहिणं वेगळं, एवढं लक्षात असू द्या. इंटरनेटवरच्या फायली घेऊन गाडीच्या कॉम्प्युटरचं ट्यूनिंग बदलू नका. तिथे परतीची वाट बहुतेकांकडे नसते.

११. जुन्या गाडीत घरी बदल केले तर आरटीओची अडचण येते का?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करता येत नाही. सीट कव्हर, स्टिरिओ यांना कुणी विचारत नाही. सीएनजी किट मात्र मान्यताप्राप्त ठिकाणीच बसवायचं आणि आरसी बुकावर नोंद करायची. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर तपासणी करून ५-५ वर्षांनी नूतनीकरण. तपासणीच्या दिवशी दिवे, हॉर्न, वायपर चालू असू द्या. बहुतेक गाड्या असल्या क्षुल्लक गोष्टींवर परत येतात.

१२. पुस्तकांचं कपाट करायचंय. लाकूड कोणतं, आणि हिशेब कसा करतात?

प्लाय. नवशिक्याने सागवानावर हात साफ करू नये, ते महाग शिक्षण आहे. शीट ८ बाय ४ फुटांची असते. फळ्यांना १८ मिलिमीटर, पाठीला ६. शिक्का बघून घ्या. आयएस ३०३ म्हणजे सर्वसाधारण वापराचा. त्यात ‘एमआर’ ओल सहन करतो, पाणी नाही, आणि ‘बीडब्ल्यूआर’ त्याहून टिकाऊ. आयएस ७१० म्हणजे मरिन. बैठकीतल्या कपाटाला एमआर चालतो, स्वयंपाकघरात नाही. फळी तीन फुटांपेक्षा लांब ठेवलीत तर मधे आधार द्या. पुस्तकं दिसतात त्यापेक्षा जड असतात आणि दिवाळी अंक सगळ्यात जड.

खरं लाकूड घनफुटावर मिळतं. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घ्या, तिघांचा गुणाकार करा, १४४ ने भागा. सहा फूट लांब, आठ इंच रुंद, एक इंच जाड फळी म्हणजे ४८ भागिले १४४, घनफुटाचा एक तृतीयांश. तीन फळ्यांचा एक घनफूट. वखारीत हा हिशेब तोंडी करून दाखवला की बोलण्याचा सूर बदलतो. रंधा मारल्यावर जाडी कमी होते, ती आधी धरा.

काळे ड्रायवॉल स्क्रू कपाटाला वापरू नका. ते कडक पण ठिसूळ असतात, वजन आलं की डोकं उडतं.

१३. कंपनीबाहेर पडलेल्या पॅलेटचं फुकट लाकूड वापरावं का?

वापरा, पण त्यावरचा शिक्का वाचून. आंतरराष्ट्रीय मालाच्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह असतं आणि शेजारी इंग्रजी अक्षरं. ‘एचटी’ असेल तर लाकूड उष्णता देऊन किडीपासून मुक्त केलेलं, ते घ्या. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूने. ते सोडून द्या. शिक्का नसेल आणि तेलाचे-रसायनाचे डाग असतील तर तेही नको. रंधा मारण्याआधी लोहचुंबक फिरवा. आत राहिलेला एक खिळा पात्याची धार घालवतो.

घरात आणल्यावर बारीक गोल भोकं आणि खाली पिठासारखी पूड दिसली तर तो लाकूड पोखरणारा भुंगा. असं लाकूड आत ठेवूच नका.

१४. पावसाळ्यात ड्रॉवर अडकतो. रंधून घेऊ का?

जुलैत नको. लाकूड ओल पिऊन आडव्या रेषेत फुगतं. लांबीत जवळजवळ बदलत नाही. जुलैत रंधलंत तर मार्चमध्ये बोट जाईल एवढी फट पडते. आत्ता ड्रॉवरच्या कडांवर मेणबत्ती घासा, निम्मं काम होतं. दिवाळीनंतरही अडकत असेल तर मग रंधा. कोकणातल्या आमच्या घराच्या दरवाजाला आजोबांनी मुद्दाम फट ठेवलेली होती आणि उन्हाळ्यात येणारा प्रत्येक पाहुणा ती दाखवून हसायचा.

नवी वस्तू करताना रुंद फळी चारी बाजूंनी गोंद लावून जखडू नका. तिला हलायला जागा नसली की ती मधेच तडकते. प्लायला ही भीती जवळजवळ नाही, कारण त्याचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात.

१५. अँगल ग्राइंडरला लाकूड कापायचं दातेरी पातं लावलं तर? सुतार लावतात की.

नाही. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११ हजारांच्या आसपास फेरे घेतो. दात लाकडात अडकला की यंत्र हातातून उसळतं, आणि ते मांडीकडे, पोटाकडे किंवा चेहऱ्याकडे येतं. त्यात पुष्कळ जण झाकणही काढून टाकतात. सुतार जे वापरतात ते बरेचदा मार्बल कटर असतं. त्याला खाली टेकायला पट्टी आणि वर झाकण असतं. तेही मला फारसं पसंत नाही, पण ग्राइंडरपेक्षा खूपच बरं. मोठा काप असेल तर प्रश्न ४ मध्ये सांगितल्याप्रमाणे दुकानातून कापून आणा. हातमोजे घालून फिरत्या पात्याजवळ जाऊ नका, मोजा आधी ओढला जातो आणि मागून हात. चष्मा मात्र हवाच.

१६. पॉलिश पांढुरकं पडलं. आणि अळशीच्या तेलाचं काय?

स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचं पॉलिश दमट हवेत मारलं की स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर हवेतली ओल धरते आणि पांढरी झाक येते. उन्हं आलेल्या दिवशी स्पिरिट लावलेल्या फडक्याने हलक्या हाताने पुसा, बहुतेकदा जाते. गरम पेला ठेवल्याने पडलेलं पांढरं वर्तुळही याच जातीचं, म्हणून जेवायच्या टेबलाला लाखेचं पॉलिश करू नये. तिथे पीयू (पॉलियुरेथेन). पॉलिश पेपर १२० पासून २२० पर्यंत क्रमाने, लाकडाच्या रेषेतच. आडवा घासलेला ओरखडा कोरडा असताना दिसत नाही, पॉलिश लागलं की सगळ्यांना दिसतो.

अळशीचं तेल सुंदर दिसतं. पण तेल लागलेलं फडकं बोळा करून कचऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना उष्णता सोडतं, बोळ्यात ती साठते आणि फडकं कुणी काडी न लावता पेट घेऊ शकतं. फडकी दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत टाका. बाल्कनीत काम करणाऱ्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं.

१७. आठ-दहा वर्षांचा लॅपटॉप फार हळू चालतो. फेकून द्यावा का?

आत फिरती हार्ड डिस्क असेल तर एसएसडी (न फिरणारी, चिपवर साठवणारी डिस्क) टाका, बाकी काही करण्याआधी. एवढ्या एका बदलाने जितका फरक पडतो तितका दुसऱ्या कशाने पडत नाही. त्यानंतर रॅम ८ जीबीपर्यंत.

घेण्याआधी तुमच्याकडे कोणती जागा आहे ते बघा. जुन्यांत अडीच इंची साटा डिस्क असते. लांबट च्युइंगगमसारखी एम.२ पट्टी असेल तर तिच्यात साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत; खाच सारखी दिसली तरी चुकीची पट्टी ओळखली जात नाही. रॅममध्ये डीडीआर३ दीड व्होल्टची, डीडीआर३एल १.३५ व्होल्टची. लॅपटॉप एल मागत असेल तर एलच द्या.

आधी बॅकअप. डिस्क टक्-टक् आवाज करत असेल तर लॅपटॉप लगेच बंद करा. चालू ठेवून कॉपी करत बसलात तर उरलंसुरलं जाईल. फोटो मोलाचे असतील तर ते काम जाणकाराकडे द्या. हा तुमच्या शिकण्याचा प्रसंग नाही.

१८. विंडोज १० बंद झालं म्हणतात. लिनक्सवर मराठी नीट चालतं का?

विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ पासून नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे चांगले चालणारे लॅपटॉपही बाहेर पडतात. अशांना मी लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाकतो. पेन ड्राइव्हवरून आधी चालवून बघा. वायफाय, आवाज, प्रिंटर चालतो का ते तपासा. ‘इन्स्टॉल’ दाबेपर्यंत डिस्कला धक्का लागत नाही.

युनिकोड मराठी उत्तम चालतं. कीबोर्डच्या यादीत मराठीचे इनस्क्रिप्ट आणि ध्वन्यात्मक असे पर्याय आहेत. अडचण येते ती जुन्या फायलींची. श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये टाइप केलेलं पत्र उघडलं की भलतीच अक्षरं दिसतात, कारण त्यात मराठी नसतेच; इंग्रजी अक्षरांना मराठी चेहरे दिलेले असतात. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण नंतर डोळ्यांनी वाचावंच लागतं. ऱ्हस्व वेलांटी जुन्या फाँटमध्ये अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये नंतर. रूपांतरात ती शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. रफाराचंही तसंच. मूळ फाईल पुसू नका.

१९. इंटरनेट चालू आहे, पण प्रत्येक साइट ‘असुरक्षित’ म्हणतेय. व्हायरस?

कोपऱ्यातली तारीख बघा. काही वर्षं मागे गेली असेल तर मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली आहे. सीआर२०३२, तीन व्होल्ट, घड्याळाच्या दुकानातही मिळते. तारीख चुकली की साइटची सुरक्षा प्रमाणपत्रं कॉम्प्युटरला अवैध वाटतात. याच एका कारणासाठी ‘फॉरमॅट’ करून घेतलेले तीन जण मला माहीत आहेत.

२०. लॅपटॉपचा टचपॅड वर आलाय, दाबला जात नाही.

खालची बॅटरी फुगली आहे. चार्जर काढा, बंद करा, वापर थांबवा. दाबून सपाट करू नका, टोचू नका, उन्हात ठेवू नका. लिथियमची बॅटरी फुटली तर पेटते. काढता येत असेल तर धारदार हत्यार न वापरता काढा आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या, घंटागाडीत नाही. हात न लावायच्या याच यादीत डेस्कटॉपचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) आणि घरातला मायक्रोवेव्हही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज राहते. ते उघडायचे नाहीत.

२१. मी स्वतः कामं केली तर मेकॅनिक किंवा सुतार नाराज होतात का?

खोटं बोललात तर होतात. ‘मी काही हात लावला नव्हता’ असं म्हणत अर्धवट उघडलेली गाडी नेऊ नका. काय काढलं, काय बसवलं ते सरळ सांगा. माझ्या मेकॅनिकला आता मी अवघड कामंच नेतो, आणि तोही आढेवेढे न घेता शिकवतो. फक्त शनिवारी संध्याकाळी प्रश्न विचारायला जाऊ नये.

२२. सगळं परत जोडलं आणि दोन स्क्रू उरले. आता?

कुठे उरले त्यावर आहे.

लॅपटॉपचे असतील तर पुन्हा उघडा. त्यातले स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. आखूड जागी लांब स्क्रू गेला तर तो खालून मदरबोर्डला टोचतो. म्हणजे उरलेल्या दोनपेक्षा चुकीच्या भोकात बसलेल्या एकाची काळजी जास्त. पुढच्या वेळी अंड्यांचा ट्रे घ्या, प्रत्येक खळग्यात एका जागेचे स्क्रू, आणि उघडण्याआधी मोबाइलवर फोटो.

गाडीचे असतील तर किल्ली फिरवू नका. फोटो बघून जागा शोधा. ट्रिमचा किंवा एअर फिल्टरच्या डब्याचा असेल तर ठीक. इंजिनच्या जवळचा असेल आणि जागा सापडत नसेल तर मेकॅनिकला बोलवा.

कपाटाचे असतील तर ते बहुधा नुसतेच उरलेत. बरणीत टाका. माझ्याकडे अशी लोणच्याची एक बरणी भरत आली आहे, आणि शेजाऱ्यांना एखादा स्क्रू हवा असला की पहिली बेल आमच्याकडेच वाजते.